दूध उतू जाण्याआधी : यंत्राच्या पोटातल्या रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीमची ओळख

गेल्या हिवाळ्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एका टॉवेल कारखानदाराचा फोन आला. मागांची इलेक्ट्रॉनिक कार्डं दुरुस्त करणं हा माझा व्यवसाय. तक्रार अशी होती की एका रेपिअर मागावर (धोट्याऐवजी चिमट्याने आडवा धागा ओढून नेणारा माग) विणलेल्या टॉवेलमध्ये मधूनच एक बारीक आडवी रेघ येते. कधी दोन दिवस काहीच नाही, कधी एका पाळीत चार टॉवेल बाद. आधी सुतावर संशय घेतला, सूत बदललं, तरी रेघ येतच राहिली. मग ठपका विणकरावर आला. धागा तुटून माग थांबला की अर्धवट राहिलेला धागा काढून मगच माग पुन्हा लावायचा असतो. तो काढायला हा माणूस आळस करतो, असं ठरलं आणि बाद मालाचे पैसे त्याच्या पगारातून कापले जाऊ लागले.

मी त्या मागाशेजारी रात्रपाळीभर बसलो. पहाटेच्या सुमारास त्या विणकरानेच मला दाखवलं, "साहेब, नेहमी नाही होत. त्या डब्यावरचा आकडा बदलतो ना, नेमका तेव्हाच धागा तुटला तर माग एक फेरा जास्त मारतो." तुटलेला धागा असा एका चांगल्या धाग्याखाली दबला, की टॉवेलच्या दाट फासांत तो डोळ्याला दिसतच नाही.

त्याचं निरीक्षण तंतोतंत खरं होतं. मागाचं मूळ कार्ड जळाल्यावर तिथे दुसरं स्वस्त कार्ड बसवलं होतं. त्यातली चिप चांगली होती, वेगवान होती, सेन्सरही ठीक होता. चूक होती ती कामाचा क्रम ठरवण्यात. ही चूक समजली, तर गाडीतली एअरबॅग, दवाखान्यातला पंप आणि मंगळावर उतरलेलं यान यांच्यातला एक समान धागाही समजतो. त्याचं नाव रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे चिपने कुठलं काम कधी करायचं हे ठरवणारा मूळ प्रोग्राम. पुढे तिला आरटीओएस म्हणू.

'रिअल टाइम' म्हणजे झटपट नव्हे

हा शब्द आता जिकडेतिकडे ऐकू येतो. गाडी कुठपर्यंत आली ते रिअल टाइम, शेअरचा भाव रिअल टाइम. तिथे त्याचा अर्थ 'ताजं' किंवा 'लगेच' एवढाच असतो. यंत्रांच्या जगात अर्थ वेगळा आहे, आणि सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

समजा रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडायची आहे. ओळखीचे दोन रिक्षावाले आहेत. पहिला बहुतेक वेळा दहा मिनिटांत स्टेशनला पोचवतो, पण महिन्यातून एखाद्या वेळी तासभर अडकतो. दुसरा कधीच दहा मिनिटांत पोचवत नाही, पण काहीही झालं तरी पंचवीस मिनिटांच्या वर वेळ लावत नाही. सरासरी काढली तर पहिला सरस ठरेल. पण मुंबईला मुलाखत असेल तर तुम्ही दुसऱ्याच्याच रिक्षात बसाल आणि घरातून अर्धा तास आधी निघाल.

आरटीओएस हा दुसरा रिक्षावाला. त्याचं वचन 'मी सगळ्यात वेगवान' असं नसतं. 'वाईटात वाईट परिस्थितीतही अमुक वेळेच्या आत' असं असतं. या 'आत'ला डेडलाइन म्हणतात. ती कधी एक सेकंद असेल, कधी एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. डोळ्याची पापणी लवायलासुद्धा साधारण १०० ते ४०० मिलिसेकंद लागतात, यावरून अंदाज यावा.

डेडलाइनचेही प्रकार असतात. काही कडक असतात : चुकली की नुकसान झालंच, नंतर मिळालेलं उत्तर निरुपयोगी. गाडी आदळल्यावर एअरबॅग फुगवायची की नाही हा निर्णय काही मिलिसेकंदांत व्हावा लागतो. दोन सेकंदांनी दिलेला अचूक निर्णय कुणाच्याच कामाचा नाही. काही डेडलाइन सैल असतात : व्हिडिओ कॉलमध्ये एखादं चित्र अडकलं तर आपण वैतागतो, पण कुणाला इजा होत नाही. एकाच यंत्रात दोन्ही प्रकारची कामं शेजारी शेजारी नांदतात, आणि म्हणूनच त्यांच्यात शिस्त लावणारा कुणीतरी लागतो.

पूर्वी ही वेळ लोखंडात घडवलेली असायची

सोलापुरातल्या बहुतेकांनी जुना धोट्याचा माग पाहिला असेल, निदान त्याचा खडखडाट तरी ऐकला असेल. त्या मागात कॉम्प्युटर नव्हता. तरी धोटा नेमका कधी सुटायचा, फणी कधी यायची, आडवा धागा नसेल तर माग कधी थांबायचा हे सगळं वेळच्या वेळी व्हायचं. कारण वेळ यंत्राच्या आकारातच होती. शाफ्टवरचा कॅम फिरला की त्याच्या उंचवट्याने दांडी उचलली जायची. आडवा धागा चाचपणारा एक छोटा काटा असायचा. धागा असेल तर काटा बाजूला ढकलला जायचा, नसेल तर तो अडकायचा आणि माग बंद पडायचा. लोखंडाला 'थांब, आधी दुसरं काम करतो' असं म्हणता येत नाही. शाफ्ट फिरला की काट्याला चाचपावंच लागतं.

आता मागाच्या एका फेऱ्याचं गणित मांडू. रेपिअर माग मिनिटाला ३०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ५ फेरे झाले, म्हणजे एका फेऱ्याला २०० मिलिसेकंद. मागाची माणसं फेऱ्याचे ३६० अंश मोजतात. अमुक अंशावर धागा आत शिरतो, अमुक अंशावर फणी तो धागा कापडात ठोकते. एक अंश म्हणजे साधारण अर्धा मिलिसेकंद. धागा तुटल्याचं सेन्सरने सांगितल्यापासून ब्रेक लागेपर्यंत हातात दहा-दहाच्या हिशेबात मोजता येतील एवढेच मिलिसेकंद असतात, जास्त नाही.

काट्याची जागा सेन्सरने घेतली, कॅमची जागा मोटारींनी आणि प्रोग्रामने. फायदे मोठे आहेत. नक्षी बदलायला पत्ते टोचत बसावं लागत नाही, ताण आपोआप राखला जातो. पण लोखंड जी वेळेची हमी फुकट देत होतं ती आता प्रोग्रामला द्यावी लागते, आणि प्रोग्राममध्ये ती आपोआप येत नाही. कुणीतरी मुद्दाम घालावी लागते. मला या विषयात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती हीच गोष्ट.

त्या कारखान्यातल्या कार्डाचा प्रोग्राम साध्या रांगेसारखा होता : सेन्सर बघ, मोटार बघ, बटण बघ, स्क्रीन रंगव, पुन्हा पहिल्यापासून. दर दोन सेकंदांनी स्क्रीनवरचे आकडे नव्याने रंगवायला १५० मिलिसेकंद लागायचे, आणि तेवढा वेळ सेन्सरकडे कुणाचं लक्षच नसायचं. दोन हजारांतले दीडशे मिलिसेकंद आंधळे. म्हणजे शंभरदा धागा तुटला तर सरासरी सात-आठ वेळा माग उशिरा थांबणार. विणकर सांगत होता तसंच.

स्वयंपाकघरातला हिशेब

आरटीओएस नेमकं करते काय, हे समजायला स्वयंपाकघरात जाऊ. माझी आई एकटी तीन कामं एकाच वेळी करायची. गॅसवर दूध, तव्यावर भाकरी आणि खाली उखळात शेंगाची चटणी. हात दोनच. पण प्रत्येक कामाची निकड वेगळी, हे तिच्या मनात पक्कं असायचं. चटणी कुटणं कधीही थांबवता येतं. भाकरी वेळेत उलटली नाही तर करपते. आणि दूध वर आलं की हातातलं सगळं टाकून आधी गॅस बंद.

यातलं प्रत्येक काम म्हणजे आरटीओएसच्या भाषेत एक 'टास्क'. प्रत्येक टास्कला आधीच एक दर्जा दिलेला असतो, म्हणजे प्राधान्य. नियम एकच आणि निष्ठुर : करण्याजोग्या कामांपैकी सगळ्यात वरच्या दर्जाचं काम आत्ता चालू असलं पाहिजे. चटणी कुटताना दूध वर आलं तर 'एवढे दोन घाव घालते' याला जागा नाही. कुटणं तिथल्या तिथे थांबतं.

थांबलेलं काम वाया जात नाही, हे इथलं खरं कौशल्य. आई परतायची तेव्हा उखळात काय घालून झालं आणि काय राहिलं हे तिला आठवत असायचं. आरटीओएसही हेच करते. काम मध्येच थांबवताना चिपच्या आतले सगळे आकडे आणि प्रोग्राम कुठल्या ओळीवर होता ती खूण त्या टास्कच्या स्वतःच्या जागेत जपून ठेवते. निकडीचं काम झालं की आकडे जसेच्या तसे परत मांडते. थांबवलेल्या टास्कला आपण मध्ये थांबलो होतो हे कळतही नाही. ही अदलाबदल साध्या चिपवरसुद्धा काही मायक्रोसेकंदांत होते, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागांच्या हिशेबात.

आणि दूध वर आलं हे कळतं कसं? दर क्षणी पातेल्यात डोकावून नव्हे, तर सूं असा आवाज येतो म्हणून. चिपमध्ये त्या आवाजाला इंटरप्ट म्हणतात. सेन्सरची तार चिपच्या एका पायाला जोडलेली असते. तिथे खूण उमटली की चिप चालू काम सोडून ठरलेल्या ठिकाणी उडी मारते. आज छोट्या यंत्रांत सर्रास दिसणाऱ्या कॉर्टेक्स-एम ३ आणि ४ या जातीच्या चिपना या उडीसाठी चिपच्या आतल्या घड्याळाचे फक्त १२ ठोके लागतात. चिप सेकंदाला दहा कोटी ठोके देत असेल, तर मायक्रोसेकंदाचा आठवा हिस्सासुद्धा नाही.

एवढं सगळं करणारा प्रोग्राम केवढा मोठा असेल? इथे मला अजूनही नवल वाटतं. फ्रीआरटीओएस नावाची एक फुकट आणि खुली आरटीओएस आहे. रिचर्ड बॅरी यांनी ती २००३ च्या सुमारास सुरू केली, २०१७ पासून अमेझॉन तिचा सांभाळ करते. तिचा गाभा साधारण ६ ते १२ किलोबाइटचा. तुमच्या मोबाईलमधल्या तीन मेगाबाइटच्या एका फोटोच्या जागेत असे तीनशे गाभे मावतील.

मग मोबाईलमधली सिस्टीम का चालत नाही?

हा प्रश्न मला पॉलिटेक्निकची पोरं नेहमी विचारतात, आणि तो रास्त आहे. मोबाईलची चिप कितीतरी पट वेगवान, तिची ऑपरेटिंग सिस्टीम कितीतरी मोठी. मग तीच मागावर का बसवू नये?

मोबाईलच्या सिस्टीमचं ध्येय वेगळं आहे. पन्नास ॲप चालू असतात, प्रत्येकाला थोडा थोडा वाटा मिळावा, एकूण काम जास्तीत जास्त व्हावं, हे तिचं ध्येय. रेशनच्या रांगेसारखं : सगळ्यांना मिळेल, कुणी उपाशी राहणार नाही, पण तुमचा नंबर नेमका किती वाजता येईल हे कुणी सांगू शकत नाही. आरटीओएस म्हणजे दवाखान्याचा अपघात विभाग. तिथे आधी कोण आलं याला किंमत नाही, कुणाचा जीव आधी जाईल याला आहे. रांगेची शिस्त चुकीची नाही, पण ती अपघात विभागात लावली तर माणसं दगावतील.

'चिप आणखी वेगवान घेतली की झालं' हाही आक्षेप येतो. वेगाने सरासरी सुधारते, वाईटातला वाईट वेळ सुधारेलच असं नाही. मोठ्या चिपमध्ये हाताशी ठेवलेली छोटी स्मृती असते. हवी ती माहिती तिथे सापडली तर काम चटकन होतं, नाही सापडली तर दूरच्या मोठ्या स्मृतीपर्यंत जावं लागतं. एकच काम म्हणून कधी लवकर होतं, कधी बऱ्याच उशिरा. मोबाईलवर हा चढउतार आपल्याला जाणवत नाही. मागावर, ब्रेकवर, सलाइनच्या पंपावर तो हिशेबात धरावा लागतो. आणि त्या टॉवेलच्या मागाचं पाहा : दुप्पट वेगाची चिप बसवली असती तर दीडशेचे पंचाहत्तर आंधळे मिलिसेकंद झाले असते. रेघा निम्म्या झाल्या असत्या आणि दोष शोधणं दुप्पट अवघड झालं असतं.

एकच पाना, तीन माणसं

दर्जे ठरवून दिले म्हणजे सगळं सुरळीत होतं असं नाही. एक सापळा असा आहे, की त्यात जगातली उत्तम माणसंही अडकली आहेत. तो सावकाश समजून घेऊ.

कारखान्यात एका विशिष्ट मापाचा पाना एकच आहे. तो मदतनिसाकडे आहे, कोपऱ्यातल्या बंद मागाचा नट तो सावकाश आवळतोय. तेवढ्यात निर्यातीच्या ऑर्डरचा माग अडतो आणि जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला, तोच पाना लागतो. जॉबरचा दर्जा सगळ्यात वरचा, पण नट अर्धवट सोडून पाना ओढून घेता येत नाही. ठीक आहे, दोन मिनिटं थांबू, असं जॉबर म्हणतो. इतक्यात मुकादम येतो, त्याचा दर्जा दोघांच्या मधला. तो मदतनिसाला हाक मारतो, "चल, आधी गठ्ठे मोजायला." मदतनीस पाना खिशात टाकून जातो. आता गठ्ठे मोजून होईपर्यंत जॉबर हात बांधून उभा. मुकादमाला पाना नको होता, त्याने जॉबरला अडवलंही नाही. तरी प्रत्यक्षात मुकादमाचं काम जॉबरच्या आधी झालं. दर्जे उलटे झाले. इंग्रजीत या घोटाळ्याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात.

नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरलं. त्यात व्हीएक्सवर्क्स ही नावाजलेली आरटीओएस होती. उतरल्यावर काही दिवसांनी यानाचा कॉम्प्युटर मधूनच आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला. असं झालं की त्या दिवसाची उरलेली कामं दुसऱ्या दिवसावर जायची. पृथ्वीपासून तिथपर्यंत रेडिओ संदेश पोचायला तेव्हा दहा मिनिटांच्या आसपास लागत होते, जवळ जाऊन तार हलवून बघायची सोय नव्हती.

आत घडत होतं ते वर सांगितलं तसंच. हवामानाची माहिती गोळा करणारा टास्क खालच्या दर्जाचा, तो आमचा मदतनीस. यानातल्या सामायिक मार्गावरून माहिती वाटणारा टास्क वरच्या दर्जाचा, तो जॉबर. सामायिक माहितीला एका वेळी एकाच टास्कने हात लावावा म्हणून प्रोग्राममध्ये एक कुलूप असतं. दोघांना तेच एक कुलूप लागायचं, तो पाना. हवामानाच्या टास्कने कुलूप घेतलेलं असताना मधल्या दर्जाची कामं मध्ये घुसायची, आणि वरच्या टास्कची वेळ टळायची. यावर नजर ठेवणाऱ्या टास्कला वाटायचं की काहीतरी गंभीर बिघडलंय, आणि तो सगळा कॉम्प्युटर पुन्हा सुरू करायचा.

यावरचा उपाय तेव्हा माहीत होता. लुई शा, जॉन लेहोच्की आणि कोइमतूरला अभियांत्रिकी शिकलेले रगुनाथन राजकुमार यांचा त्यावरचा शोधनिबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता. उपाय असा : मदतनिसाच्या हातात पाना आहे आणि जॉबर त्याच्यासाठी थांबलाय, तोवर मदतनिसाला जॉबरचाच दर्जा द्यायचा. मग मुकादम त्याला हाक मारू शकत नाही. नट आवळून झाला, पाना दिला, की मदतनीस पुन्हा मदतनीस. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होती, पण त्या कुलपासाठी ती चालू केलेली नव्हती. अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रावर तोच बिघाड पुन्हा घडवून आणला, कारण शोधलं आणि मंगळावरच्या यानाला ती सोय चालू करणारा बदल पाठवला. त्यानंतर हा त्रास थांबला.

मला यात सगळ्यात बोचतं ते वेगळंच. उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही हा बिघाड दिसला होता, पण शोधायला गेल्यावर तो पुन्हा घडेना. वेळेच्या चुका अशाच असतात. त्या तुरळक येतात, आणि तुरळक आलेल्या चुकीचं खापर आपण सुतावर, हवेवर किंवा माणसावर फोडतो.

चिप रिकामी ठेवणं हा अपव्यय नाही का?

१९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड या दोघांनी एक सुंदर गणित मांडलं. ठराविक काळाने पुन्हा पुन्हा येणारी कामं असतील, एकमेकांवर अवलंबून नसतील, आणि जे काम जास्त वेळा येतं त्याला वरचा दर्जा दिला असेल, तर चिपवरचा एकूण भार साधारण ६९ टक्क्यांच्या आत ठेवा. कामं कितीही असोत, एकही डेडलाइन चुकणार नाही याची ही खात्री. काही वेळा याहून जास्त भारही चालतो, पण त्यासाठी वेगळा हिशेब करावा लागतो.

म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश चिप मोकळी ठेवायची. पैसे मोजून घेतलेली वस्तू रिकामी का ठेवायची, असं कुणालाही वाटेल. पण सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाकडे जाणारा प्रत्येक रस्ता खचाखच भरू दिला तर ॲम्ब्युलन्स कुठून जाईल? तेवढी वाट मोकळी ठेवली तरच 'वेळेत पोचेन' या शब्दाला अर्थ उरतो. शिवाय करण्याजोगं काही नसेल तेव्हा आरटीओएस चिपला झोपवू शकते, आणि बॅटरीवरचं यंत्र त्यामुळे कितीतरी जास्त चालतं.

प्रत्येक यंत्रात ती हवीच का?

नको. हे मी ठासून सांगतो, कारण नवं काही शिकलं की ते सगळीकडे लावायचा मोह होतो.

डाळिंबाच्या बागेतल्या मोटारीचा साधा ऑटो स्टार्टर घ्या. लाइट आली, काही सेकंद थांबायचं, तिन्ही फेज आहेत का बघायचं, मोटार लावायची. याला साधी रांग पुरते. इथे आरटीओएस घातली तर गुंतागुंतच वाढेल, आणि गुंतागुंत म्हणजे चुकांना जागा.

आता त्याच स्टार्टरमध्ये सिमकार्ड घाला, मोबाईलवरून मोटार चालू करता यावी म्हणून. रेंज नसली की मोडेम वीस-तीस सेकंद नेटवर्क शोधत बसतो. प्रोग्राम एका रांगेत लिहिला असेल तर तेवढा वेळ बाकी सगळं थांबलेलं. नेमकी त्याच वेळी एक फेज गेली, किंवा विहिरीचं पाणी संपून मोटार कोरडी फिरू लागली, तर बघणारं कुणी नाही. मोटार जळते, आणि शेतकऱ्याचा हजारोंचा भुर्दंड होतो. इथे मात्र दोन वेगळे टास्क हवेत : वरच्या दर्जाचा मोटारीवर नजर ठेवणारा, खालच्या दर्जाचा मोडेमशी बोलणारा. चतुराईने लिहिलं तर हे आरटीओएसशिवायही जमतं. पण दोन-तीन कामांच्या पुढे गेलं की हाताने सांभाळलेली अशी चतुराई पहिल्याच बदलाला मोडते, असा माझा अनुभव आहे.

काहीशे रुपयांत मिळणारा ईएसपी-३२ बोर्ड आपल्याकडची मुलं प्रोजेक्टसाठी वापरतात. त्याच्या सॉफ्टवेअरच्या तळाशी फ्रीआरटीओएस आहेच. बऱ्याच जणांना ते माहीतही नसतं. त्यावर दोन टास्क आणि एक कुलूप लिहून बघायला एक दुपार पुरते, आणि तसं प्रत्येकाने एकदा तरी करावं.

आता लिनक्सही रिअल टाइम झालं म्हणतात, ते काय?

ती बातमी खरी आहे. लिनक्सला कडक डेडलाइन पाळायला शिकवण्याचं काम साधारण वीस वर्षं मुख्य लिनक्सच्या बाहेर, वेगळ्या जोडणीच्या रूपात चालू होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याचा उरलेला भाग मुख्य लिनक्समध्ये घेतला गेला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या आवृत्तीपासून काही प्रमुख जातींच्या चिपवर ती सोय थेट मिळू लागली. रोबो, कारखान्यातली मोठी यंत्रं, ध्वनिमुद्रण यांना याचा मोठा उपयोग आहे.

म्हणून छोट्या आरटीओएस बाद झाल्या असं नाही. लिनक्सला काही मेगाबाइट स्मृती लागते आणि सुरू व्हायला वेळ लागतो. ज्या चिपकडे एकूण स्मृतीच काही किलोबाइट आहे, तिथे ते मावतच नाही. बऱ्याच यंत्रांत आता दोन्ही शेजारी बसतात : स्क्रीन आणि इंटरनेट लिनक्सकडे, ब्रेक आणि मोटार छोट्या चिपकडे.

आणि आरटीओएस असूनही यंत्र अडकलं तर?

अडकू शकतं. आरटीओएस दर्जे पाळते, पण दर्जे ठरवतो माणूस. चुकीच्या कामाला वरचा दर्जा दिला तर ती इमानदारीने चुकीचंच काम आधी करेल. म्हणून चिपमध्ये वॉचडॉग नावाचं एक वेगळं घड्याळ असतं. 'मी जागा आहे' असं प्रोग्रामने त्याला ठराविक वेळेत सांगायचं. नाही सांगितलं तर ते चिप नव्याने सुरू करतं. पाथफाइंडरला नव्याने सुरू करणारी व्यवस्था याच विचाराची होती. तिच्यामुळेच यान कायमचं गप्प न होता पुन्हा पुन्हा जागं होत राहिलं.

२० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चं यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या कॉम्प्युटरवर १२०२ आणि १२०१ अशा धोक्याच्या सूचना आल्या. भार पेलत नाही, असा त्यांचा अर्थ होता. पण त्या कॉम्प्युटरमध्ये दर्ज्यांची पद्धत होती. खालच्या दर्जाची कामं त्याने टाकून दिली, यान उतरवण्याचं काम धरून ठेवलं. सगळं नीट चालू असताना कुठलीही सिस्टीम चांगलीच दिसते. काय सोडायचं हे आधी ठरवलं होतं का, ते भार वाढल्यावर कळतं.

पुन्हा त्या मागाजवळ

त्या कार्डातली चिप बदलायची गरज नव्हती. मी तिच्यासाठी प्रोग्राम नव्याने लिहिला, चार टास्कचा. धाग्याच्या सेन्सरचा टास्क सगळ्यात वर : दर मिलिसेकंदाला येतो, ०.१ मिलिसेकंद घेतो, भार १० टक्के. त्याखाली बीमच्या (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या) मोटारीने राखायचा ताण : दर १० मिलिसेकंदांनी, २ मिलिसेकंद, भार २० टक्के. मग बटणं आणि दिवे, आणखी १० टक्के. उरलेल्या ६० टक्क्यांत, सगळ्यात खाली, स्क्रीन. तिला आता मध्येमध्ये थांबावं लागत असल्याने आकडे रंगवायला १५० ऐवजी साधारण २५० मिलिसेकंद लागतात. स्क्रीन आधीपेक्षा हळू झाली, आणि ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

चाचणीला मी त्याच विणकराला बोलावलं. तो कात्री घेऊन मागाच्या कडेला उभा राहिला. आकडा बदलतो त्या क्षणाचा अंदाज त्याला माझ्यापेक्षा चांगला होता. तो नेमका तेव्हा धागा कापायचा, माग थांबायचा, मी अंश बघून वहीत लिहायचो, तो धागा काढून पुन्हा माग लावायचा. असं शंभर वेळा केलं. जुन्या प्रोग्रामवर यातले बरेच फेरे चुकले असते. वहीत शंभरच्या शंभर नोंदी फणी ठोकण्याआधीच्या होत्या.

त्याने वही मागून घेतली, सगळी पानं उलटून पाहिली आणि ती घेऊन मालकांच्या केबिनकडे निघाला. त्याच्या पगारातून कापलेले पैसे पुढच्या हप्त्यात परत मिळाले.